तिसऱ्या ओळीतली जागा

२ डिसेंबर १९८८

हिला आज घरी आणलं. शेजारच्या चंदरने ओळखीच्या माणसाची जीप मिळवली. हिचं डोकं मांडीवर घेऊन त्याची बायको वेणू मागे बसली आणि उल्हासनगरच्या नर्सिंग होमपासून आमच्या हेंद्रेपाड्यापर्यंत चंदरने एकेक खड्डा चुकवत गाडी आणली. पैशाचं विचारलं तर रागावला. शेजारी चांगले मिळाले, एवढं आधी लिहून ठेवतो.

दिवाळीच्या फराळाचे डबे अजून संपायचे होते तेव्हा हिला ताप आला आणि तो मेंदूत गेला. वाचते की नाही अशी वेळ आली होती. वाचली. देवाची आणि डॉक्टर थडाणींची कृपा. डॉक्टर तरुण आहेत, सिंधी आहेत, मराठीत हिंदी की हिंदीत मराठी मिसळतात ते त्यांनाही सांगता येणार नाही, पण समजावून सांगतात. म्हणाले, "दिघेसाब, इनका पुराना माल सब सलामत है. नया माल गोदाम में जातच नाही." म्हणजे माहेर, लग्न, मुलगा, सगळं जागेवर. पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी नाही. रोज काय होतं ते लिहून ठेवा म्हणाले. मी अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात जन्मभर माल तपासण्याचंच काम केलं. तपासायचं आणि नोंद करायची, हे मला येतं.

निघण्यापूर्वी त्यांनी हिची तोंडी परीक्षा घेतली. माहेरचं गाव? सांगितलं. मुलाचं नाव? मधू. शेजारीण? वेणू. शाळेतल्या बाईंचं नाव, म्हशीचं नाव, सगळं धडाधड. मग विचारलं, "और आपके मिस्टर का नाम?"

ही गप्प. पदराचं टोक बोटाला गुंडाळत खिडकीकडे बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. आणि मी हिच्या समोर उभा होतो!

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला विचारलं, "घर में नाम लेती थी क्या? पुराने लोग नहीं लेते." मी ठासून सांगितलं, आमच्याकडे तसलं काही नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी हिला म्हटलं होतं, मला नावाने हाक मारायची. आणि ती मारायची. अंबरनाथच्या चाळीत गच्चीवर पापड वाळत घातले की वरून हाक यायची, 'दिनानाथ, ये रे मेल्या वर, कावळे बसलेत!' सगळी चाळ हसायची. तो आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. लग्नात उखाणासुद्धा हिने खणखणीत घेतला होता.

डॉक्टरांनी कागदावर त्या प्रश्नापुढे शून्य घातलं. म्हणाले, घरच्या माणसाचं नाव सगळ्यात शेवटी जातं. ते गेलं असेल तर हिला गॅसजवळ एकटं सोडू नका. सहा फेब्रुवारीला पुन्हा बघू आणि मग ठरवू.

मधूला भिलाईला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, आई तुम्हालाच ओळखत नसेल तर तुम्ही एकटे तिला कसे सांभाळणार? फेब्रुवारीत येतो आणि दोघांना इकडेच घेऊन येतो. ती जागा विकून टाकू."

पोराचं चुकत नाही. पण मला बरं वाटलं नाही.

७ डिसेंबर

नर्सिंग होममध्ये एवढे दिवस राहून हिला बाथरूम कुठे आहे ते कळलं नव्हतं. रोज नव्याने विचारायची. इथे पहाटे अंधारात उठली, न चाचपडता कडी काढली, अंगण झाडलं, गॅसच्या शेगडीमागची काडेपेटी न बघता उचलली. मी दारात उभा राहून बघत होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, हाताची आठवण वेगळ्या जागी असते, तिला ताप लागलेला नाही.

मला बिनसाखरेचा चहा दिला. माझा कानाचा कप, त्याच्यावर झाकण, आणि बशीत अर्धं बिस्कीट. पूर्ण नाही, अर्धं. मला गेल्या वर्षी साखर निघाल्यापासून अर्धंच मिळतं. मी म्हटलं, "पूर्ण दे की." तर म्हणाली, "मिळणार नाही."

पण हेही हाताचंच म्हणायचं. हाताला सवय आहे, म्हणून हात बिस्कीट मोडतो. डोक्यात मी आहे की नाही हा प्रश्न त्याने सुटत नाही. मी विचारलं, "मी कोण?" म्हणाली, "अहो, चहा निवतोय." आता 'अहो' तर ती गॅसवाल्यालाही म्हणते.

१२ डिसेंबर

आज माझ्याकडून गाढवपणा झाला. हिचं डोकं किती चालतं ते बघावं म्हणून ही अंघोळीला गेली असताना डाळीचे आणि साखर-मिठाचे डबे इकडचे तिकडे केले. कारखान्यात असे नमुने बदलून आम्ही नव्या पोरांची परीक्षा घ्यायचो.

हिने आमटीत साखर घातली, चव घेतली आणि मटकन खाली बसली. रडायला लागली. "माझं घर कुणी हलवलं?" एवढंच म्हणत राहिली. आवाज ऐकून वेणू आली. ती पालेगावची, बोलण्यात भिडभाड नाही. मला म्हणाली, "आवो काका, काकीचा समदा या फळीवर हाय. ती फळी कशापायी हलवलीत? तुमाला काय उद्योग नाय काय?"

डबे मी परत जागेवर लावले. एक चुकला होता तो हिनेच डोळे पुसत सरळ केला. तासाभराने हिला रडलेलं आठवतही नव्हतं, उलट मलाच विचारलं, "चेहरा का उतरलाय?"

भिलाईला हिला घेऊन गेलो तर रोजच असं होईल, नाही का? तिथली फळी हिला कधीच पाठ होणार नाही. तिथे रोज हिचं घर कुणीतरी हलवलेलं असेल. मधूला हे फोनवर सांगून बघितलं. तो म्हणाला, "पण बाबा, तुमचं नाव?"

सगळं येऊन त्या नावापाशी अडतं.

२० डिसेंबर

संध्याकाळी दिवा लावल्यावर ही आईचं गाणं म्हणते. हिच्या आईने गोठ्यात धार काढताना म्हणायचं, ते हिच्या ओठात बसलंय. मधू त्याच गाण्यावर झोपायचा. मी इतकी वर्षं ते ऐकत आलो, म्हणजे बाहेर पेपर वाचत बसलेला असायचो आणि ते चालू असायचं. आता तपासणी म्हणून पहिल्यांदाच नीट ऐकलं आणि लिहून काढलं:

उंबऱ्यावरी पाऊल वाजे,
गाय हंबरे गोठ्यात,
— ये रे घरा,
ऊन भात हा ताटात.

तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला हिला शब्द आठवत नाही. तिथे नुसतं 'हूं हूं' करते आणि पुढे जाते. चाल बिघडत नाही, फक्त शब्द नाही. काल तेच झालं, परवाही तेच. बाकीची कडवी अख्खी येतात. नोंद: जुन्या आठवणीतही भोक पडायला लागलेलं दिसतं. डॉक्टरांना सांगावं लागेल.

काळजी वाटते. पण दिव्याच्या उजेडात ही गात होती तेव्हा मात्र मला काही तपासावंसं वाटलं नाही. महिन्यापूर्वी हा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल की नाही याची खात्री नव्हती. मिळाला. एका शब्दाची खोट त्यात काढत बसणारा मीच करंटा.

३ जानेवारी १९८९

डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आलो. गर्दी होती, तरी त्यांनी बसवून घेतलं. मी म्हटलं, आठवणी अशा कपाटातून चोरीला जाव्यात तशा एकेक कशा जातात? ते हसले. "अलमारी नहीं है दिघेसाब. लोगों को लगता है याद मतलब घडी घालून ठेवलेली साडी, काढली की तशीच. ऐसा नहीं है. याद मतलब रोटी. जब चाहिए तब नई बनती है. आटा पुराना, रोटी ताजी. और हर बार थोड़ा हाथ का फरक." आजारी माणसाला आठवलं नाही तर तो जागा भरून काढायला काहीतरी रचतो, आणि त्याला स्वतःला ते खरंच वाटतं, असंही म्हणाले. मग माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, "हम सब करते हैं वैसे. बीमार का पकड़ा जाता है बस."

फी घेतली नाही. म्हणाले, आज तपासलं कुठे, गप्पा मारल्या.

हिच्यावर लक्ष ठेवलं पाहिजे, रचून काही सांगते का ते.

१६ जानेवारी

सांगितलंच!

काल वेणूकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. हिला नेलं होतं. तिळाचे लाडू हिनेच वळून दिले, सगळे एका मापाचे. आज वेणू ताट परत करायला आली आणि हसत सुटली. "काल काकीला समद्यांनी धरली, नाव घ्या, नाव घ्या. काकी लाल झाली वो! बोलते, मी लग्नात बी नाव घेतला नाय, आता म्हातारपणी काय घेऊ?"

मला ते लागलं. लग्नातला उखाणा मी या कानांनी ऐकलाय. दुपारी हिला विचारलं, "लग्नात नाव घेतलं होतंस ना तू?"

"छे. मी रडत होते. तुमच्या बहिणीने घेतलं माझ्या वतीने."

"आणि चाळीत? गच्चीवरून हाक मारायचीस ती?"

ही माझ्याकडे बघत राहिली. "मी? गच्चीवरून? ती हाक माईंची. सासूबाई असताना माझी काय टाप होती गच्चीवरून ओरडायची? मी खाली पोळ्या लाटत असायची."

"तू मला दिनानाथ म्हणायचीस," मी म्हटलं.

हिने कानांवर हात ठेवले. "पुरे झालं. जेवलात का तुम्ही?"

आम्ही तासाभरापूर्वी जेवलो होतो. मघाचं जेवण जिला आठवत नाही ती मला चौतीस वर्षांपूर्वीचं सांगते, आणि किती खात्रीने! डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. रिकामी जागा दिसली की रचून भरायची. नोंद केली. मन मात्र खट्टू झालं. माझा तारुण्यातला एवढा एक सुंदर तुकडा होता, तोही हिच्याकडे नाही.

तरी रागावलो नाही. लाडू खाल्ला. अर्धाच मिळाला.

२९ जानेवारी

हे लिहिताना हसू येतंय आणि डोळ्यांतून पाणीही येतंय, त्यामुळे अक्षर वाईट आलंय.

सकाळी मी खाली अंगणात पेपर घेऊन बसलो होतो. चंदरची आई कौसाबाई गावाहून आली आहे. ती आणि वेणू वर गच्चीवर पापड घालत होत्या. वेणू पाणी न्यायला खाली आली. चंदर दारात दाढी करत होता. तेवढ्यात वरून कौसाबाईची आरोळी आली, "चंदर! ये रं मेल्या वर, कावलं आलं!"

आणि वेणू, मला न भिता बोल लावणारी वेणू, हंडा खाली ठेवून नवऱ्याला हळूच म्हणाली, "आवो, आय बोलावतंय."

मी पेपर खाली ठेवला.

मेल्या! अंबरनाथच्या चाळीत, एकोणीस वर्षांची नवी नवरी, सासू घरात असताना, गच्चीच्या कठड्यावरून नवऱ्याला मेल्या म्हणून हाक मारते, हे मी इतकी वर्षं कसं खरं मानलं? मी डोळे मिटून तो आवाज पुन्हा ऐकला. आवाज माईचाच होता. तंबाखूने बसलेला, जाड. तो नेहमीच माईचा होता. हिला मी सांगितलं मात्र होतं, मला नावाने हाक मार म्हणून. ते खरं असावं. ही तेव्हा हसली होती. पुढचं मी मनाने भरून टाकलं. मला हवं होतं तसं. उखाण्याचंही तेच असणार. ताईचा आवाज खणखणीतच होता.

म्हणजे हिने चौतीस वर्षांत एकदाही माझं नाव घेतलेलं नाही. आणि रचून सांगणारा मी.

संध्याकाळची वाट बघितली. हिने दिवा लावला. मी पेपर घेतला नाही. पहिली ओळ. दुसरी ओळ. मग हूं हूं, ये रे घरा.

देवाला मारलेली हाक आहे ती. तिथे दुसरा कुठला शब्द बसणार? हिच्या आईच्या तोंडून तो मी स्वतः ऐकलाय, मधूच्या बारशाला. दिनानाथा, ये रे घरा. आईला अडचण नव्हती, लेकीला आहे. ही देवाचंसुद्धा ते नाव घेत नाही, कारण ते माझं आहे.

ज्याला विसर पडतो तो कुठेही अडखळेल. रोज नेमकं एकाच शब्दाला वळसा घालायचा तर तो शब्द डोक्यात पक्का असावा लागतो. मालाच्या तपासणीत आयुष्य काढलं, आणि एवढी साधी गोष्ट मी विसर म्हणून नोंदवून ठेवली.

माझी ही आजारी बायको रोज संध्याकाळी माझ्या नावाला जागा सोडून गाते आहे.

५ फेब्रुवारी

मधू आला. आईला बघून बरं वाटलं त्याला, पण अर्ध्या तासात तिने त्याला तीनदा विचारलं, "गाडीला गर्दी होती का रे?" तेव्हा तोंड फिरवून उभा राहिला. मी त्याला गच्चीवर नेऊन सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला तसं हवंय म्हणून तसं वाटत नसेल ना?"

गेल्या आठवड्यापर्यंत माझं तेच चाललं होतं. म्हटलं, उद्या डॉक्टर ठरवतील. ते म्हणतील ते मी मानेन.

बॅग भरायला हिची लुगडी कुठली घ्यायची, असं मधूने विचारलं. मी म्हटलं, उद्या.

६ फेब्रुवारी

थडाणींनी पुन्हा तीच परीक्षा घेतली. गाव, मुलगा, म्हैस. मग मिस्टर का नाम. ही गप्प, पदर बोटाला. मधूने माझ्याकडे बघितलं.

मी डॉक्टरांना म्हटलं, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. ही नाव कधीच घेत नव्हती. घ्यायची ती माझी आई. माझ्या आठवणीत दोघींची सरमिसळ झाली." मग हिला म्हटलं, "अगं, यांना आईचं गाणं म्हणून दाखव."

ही लाजली. दवाखान्यात कसलं गाणं म्हणाली. मधू म्हणाला, "आई, म्हण ना." मुलाने मागितल्यावर म्हटलं. हूं हूं आला आणि गेला. मी त्या जागेचा शब्द डॉक्टरांच्या कागदावर लिहून पुढे सरकवला. त्यांनी वाचला, वर केसपेपरावरचं माझं नाव वाचलं, आणि खुर्चीला टेकून बसले.

तरी पठ्ठ्याने खात्री करून घेतली. हिला विचारलं, "माताजी, इस लाइन में एक शब्द छूटता है. याद नहीं?"

"आठवतो की," ही म्हणाली.

"तो बोलते क्यों नहीं?"

हिने माझ्याकडे एकदा बघितलं, आणि डॉक्टर अगदीच अडाणी असल्यासारखं त्यांना म्हणाली, "अहो, हे इथेच बसलेत ना!"

थडाणी मोठ्याने हसले. मधू हसला आणि मग रुमाल काढून नाक शिंकरत बसला. डॉक्टरांनी ते शून्य खोडलं. म्हणाले, नवीन गोष्टी टिकणार नाहीत, ते सुधारेल असं खोटं सांगत नाही. पण जिथे हात चालतात तिथेच हिला राहू द्या. घर बदलू नका. गॅसपाशी दिघेसाब उभे राहतील. राहीन म्हटलं. आनंदाने राहीन.

निघताना मला म्हणाले, "और आप इनको क्या बुलाते हैं?"

मी सांगायला गेलो आणि थांबलो. "अगं," मी म्हटलं. ते पुन्हा हसले. मधू उद्याच्या गाडीने एकटाच परत जाईल.

उद्या सकाळी हिला आजचं काही आठवणार नाही, हे मला माहीत आहे. मला आठवेल, पण माझ्या आठवणीचा भरवसा काय ते कळून चुकलंय, म्हणून सगळं आजच लिहून ठेवतो. कोणाकोणाचे उपकार मानू? चंदर-वेणूचे, डॉक्टरांचे, कौसाबाईच्या त्या आरोळीचे. आणि माईचे, जिने मला मेल्या म्हणून हाक मारली.

मघाशी तिन्हीसांजेला हिने दिवा लावला. मधू आत कपडे भरत होता, मी बाहेरच्या खोलीत. पाऊल वाजलं, गाय हंबरली. तिसरी ओळ आली तेव्हा हिच्या हूं हूंवर मी बाहेरून तो शब्द घातला. माझा आवाज बेसूर आहे. दिनानाथा.

आतलं गाणं थांबलं. मला वाटलं, चुकलं माझं.

"ये रे घरा," सगुणा म्हणाली, आणि ऊन भात ताटात वाढायला उठली.